कडुलिंबाखालची चेनची गाडी आणि तिचे प्रश्न

या महिन्यात सदराची सगळी जागा एकाच गाडीला दिलीय. मोहोळकडच्या एका वाचकांचं पत्र वर्षभरापूर्वी आलं, मग काम जसं पुढं गेलं तसे त्यांचे, त्यांच्या बहिणीचे, मदतीला येणाऱ्या शेजाऱ्यांचे प्रश्न येत राहिले. मी उत्तरं वेळच्या वेळी पोस्टानं, फोननं दिली होती, पण सगळं एका ठिकाणी आलं तर अजून कुणाच्या रानात, वाड्यात असं काही पडलेलं असेल त्याला उपयोग होईल म्हणून इथं देतोय.

प्रश्न : काका नमस्कार. आजोबांनी १९५० च्या आसपास मिलिटरी डिस्पोजलमधून एक चेनवाली छोटी गाडी घेतली होती. वरून उघडी, पत्रा जाड. मागं फळी बांधून रान सपाट करायचे म्हणे. चाळीस वर्षं कडुलिंबाखाली पडून आहे. भाऊ म्हणतो भंगारात घाल, मला ती जुळे सोलापूरच्या घरामागच्या शेडमध्ये आणून चालू करायची आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : पहिलं म्हणजे भंगारवाल्याला नाही म्हणून सांगा, आजच. तुमचे फोटो मी भिंग लावून बघितले. बाजूला तीनच चाकं, पुढं दोन जोडीनं आणि मागं एक सुटं, इंजिन गाडीच्या मधोमध, ओढणारं दातेरी चाक मागं. हा युनिव्हर्सल कॅरियर आहे, ज्याला लोक ब्रेन कॅरियर म्हणतात कारण त्यात ब्रेन मशीनगन घेऊन जवान बसायचे. १९३४ पासून पुढं ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा ठिकाणी मिळून लाखाच्या वर बनले, आणि तरी आज आपल्याकडं एक दाखवा म्हटलं तर शोधावं लागतंय. रणगाडा नव्हे हा, पत्रा ७ ते १० मिलिमीटरचा, वजन पावणेचार-चार टन.

आता लगेच पाना घेऊन बसू नका. आधी वही घ्या. गाडी आहे तिथं, आहे तशी, चारी बाजूंनी, खालून, आतून फोटो, मग जिथं जिथं नंबर ठोकलेला, ओतलेला, रिव्हेट केलेली पट्टी दिसेल ते सगळं लिहून काढा. अंगावर कुठं रंगाखाली टी अक्षरानं सुरू होणारा नंबर सापडतोय का बघा, ब्रिटिश फौजेत चेनच्या गाड्यांना तो द्यायचे. आणि घरातल्या ट्रंका उघडा. डिस्पोजलची पावती, आजोबांचं एखादं हिशेबाचं कागद, काहीही. गाडी तुमची कशी झाली हे सांगणारा कागद हा कार्ब्युरेटरपेक्षा महत्त्वाचा पार्ट आहे आणि तो बाजारात मिळत नाही. आतला चिखल काढताना जुनी गोळी, पुंगळी असलं काही हाती लागलं तर तिथंच थांबायचं, हात लावायचा नाही, पोलिसांना फोन करायचा.

शेडचं सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय शहाबादी फरशी आहे. चालणार नाही. माझं स्वतःचं सांगतो, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक जुना डोझर उघडत होतो, जमीन काळी, वर फरशी, उन्हाळ्यात सगळं दगडासारखं घट्ट वाटलं म्हणून जॅक लावला आणि घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवला. जूनचे दोन पाऊस झाले, खालची काळी माती फुगली, एक फरशी तडकली आणि घोडी तिरकी झाली, सकाळी शेड उघडलं तर गाडी एका कोपऱ्यावर टेकलेली. रात्र होती म्हणून खाली कुणी नव्हतं. तेव्हापासून मी काळ्या मातीवर कुणाला जॅक लावू देत नाही. फरशी काढा, माती दोनेक फूट उकरून मुरूम भरून दाबा, वर सळईचं सहा इंची काँक्रीट, आणि ते एकवीस दिवस नीट पाणी मारून मुरू द्या. घोडीखाली परत लाकडी स्लीपर किंवा जाड प्लेट. चेन ब्लॉक शेडच्या पत्र्याच्या अँगलला टांगायचा नाही, तो पत्र्यासाठी केलेला असतो, इंजिनासाठी नाही. चार पायांची वेगळी गॅन्ट्री करून घ्या.

आणि गेट मोजा. गाडी रुंदीला २.०६ मीटर आहे, म्हणजे पावणेसात फूट, लांबी बारा फूट. उचलायला हायड्रा आणि लो-बेड सांगा, बेल्ट बॉडीच्या खालून घ्या, वरच्या पत्र्याच्या कडांना हूक लावून उचलू नका. चेन जाम असतील तर ओढत न्यायची नाही, चाकं रुतून पिना वाकतात. आठ-दहा दिवस आधीपासून चाकांच्या बेअरिंगवर रोज डिझेल सोडत राहा.

प्रश्न : गाडी आली काका! गेटचा एक खांब काढावा लागला. इंजिन फोर्डचं व्ही-आठ आहे असं दिसतंय, पण जाम आहे, पट्टीला पहार लावून पण हलत नाही. पोकलेनवाला मित्र म्हणतो गिअरात टाकून ओढू, सुटेल.

उत्तर : मित्राला चहा पाजा पण ओढू देऊ नका. गंजानं धरलेला पिस्टन झटक्यानं सुटत नाही, त्याची रिंग तुटते नाहीतर रॉड वाकतो, आणि हे इंजिन परत मिळणार नाही. फोर्डनं हे व्ही-आठ १९३२ मध्ये आणलं, तुमच्यात आहे ते पुढचं ८५ हॉर्सपॉवरचं, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून बाजूला ब्लॉकमध्येच असतात, म्हणून हेड नुसतं सपाट झाकण असतं. यातच त्याचा चांगुलपणा आहे, आठही प्लग काढले की सिलिंडरमध्ये वरून तेल सोडता येतं. अर्धं डिझेल अर्धं ऑटोमॅटिक गिअरचं तेल, प्रत्येक भोकात अर्धी वाटी, वर चिंधी कोंबा आणि विसरून जा. पंधरा दिवसांनी परत. मग पुढून क्रँकच्या नटला लांब पाना लावून एका बाजूला जरासं, मग उलट्या बाजूला जरासं, जोर नाही, नुसता डोल द्यायचा. सुई एवढं हललं तरी त्या दिवशी तिथंच थांबा, परत तेल. दोन महिने लागले तर लागू दे.

हेड काढायची वेळ आली तर स्टडची काळजी. काही ब्लॉकना २१ असतात, काहींना २४, आणि हे स्टड खाली पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात, म्हणजे खालून गंजलेले असणारच. नट फिरायच्या ऐवजी स्टडच पिळवटतोय असं हाताला जाणवलं की थांबायचं. हे हाताला कळतं, घट्ट नट "कट्" करून सुटतो, तुटणारा स्टड मऊ लागतो, चिकीसारखा. मऊ लागला की गॅसनं नट लालसर करा, थोडं निवलं की मेणबत्ती टेकवा, मेण आट्यात ओढलं जातं, मग परत. बसवताना स्टडच्या आट्यांना सीलंट हवंच, नाहीतर पाणी वर येणार.

ब्लॉक उघडला की दोन गोष्टी. या इंजिनात एक्झॉस्टचा रस्ता ब्लॉकमधून, पाण्याच्या जॅकेटमधून जातो, म्हणजे इंजिन स्वतःच स्वतःचं पाणी तापवत असतं, त्यामुळं व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरकडं जाणारी बारीक तडी याला नेहमी पडते. डाय पेनिट्रंटचे तीन स्प्रे मिळतात, साफ करायचा, लाल आणि पांढरा, ते मारून तडी बघा, पैसे घालायच्या आधी बघा. आणि पाण्याचं जॅकेट आतून खरवडून काढा, जुनी ओतकामाची रेती आणि गंजाचा गाळ मुठीमुठीनं निघतो. सोलापूरच्या मे महिन्यात ४२-४३ मध्ये ही गाडी तापू नये असं वाटत असेल तर नवा रेडिएटर करण्याआधी हे. आणि बोअरचं जड पाणी भरू नका.

प्लगच्या वायरी आत्ताच चिंधी बांधून नंबर घाला. फायरिंगचा क्रम १-५-४-८-६-३-७-२, शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

प्रश्न : मी त्यांचा शेजारी, चाळीस वर्षं लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो. हात सगळ्याला चालतो, पण ही चेन कधी पाहिली नाही. पिना ठोकून काढायच्या का? आणि स्टेअरिंग थोडं फिरवलं की पुढची चाकं आडवी सरकतात, हा बिघाड आहे का?

उत्तर : जॉबरभाऊ, तुम्ही आहात म्हणून मला त्या गाडीची काळजी कमी वाटते.

बिघाड अजिबात नाही, ती त्या गाडीची करामत आहे. बुलडोझर वळतो कसा, एका बाजूची चेन थांबवून. कॅरियरला तसं सारखं केलं तर वेग जातो आणि झटके बसतात, म्हणून त्यांनी असं केलं की स्टेअरिंग थोडं फिरवलं की पुढच्या जोडचाकांचा आडवा दांडा एका बाजूला सरकतो, त्याच्याबरोबर चेनच धनुष्यासारखी वाकते आणि गाडी त्या वाकेवर हळूच वळते. चेन रुळासारखी वाकवून त्यावरनं जायचं. अजून फिरवलं तरच आतल्या बाजूला ब्रेक लागतो. तुमचं सरकतंय म्हणजे तो दांडा चाळीस वर्षांनी पण मोकळा आहे, हे नशीब समजा, बहुतेकांचा चिखलानं आणि गंजानं जाम असतो आणि मग गाडी नुसत्या ब्रेकवर धक्के खात वळते. त्याच्या दोन्ही टोकांच्या सीलजवळचा चिखल लाकडी काडीनं काढा, स्क्रूड्रायव्हरनं नको.

चेन. आधी ढिली करा, पुढचं आयडलर, म्हणजे चेन ताणून धरणारं मोकळं चाक, मागं घेऊन, ताणलेल्या चेनची पीन कधीच ठोकायची नाही, सुटताना ती कडी पाय मोडते. पीन काढायला दोघं हवेत, एकानं पलीकडून जड घण टेकवून धरायचा, दुसऱ्यानं मऊ लोखंडाच्या सुंब्यानं ठोकायचं. कडक पीन आणि कडक हातोडा समोरासमोर आले की कपचा उडतो, तो डोळ्यात गोळीसारखा जातो, गॉगल शिवाय नाही म्हणजे नाही. न निघणारी पीन गरम करून बघू नका लगेच, आधी डिझेल, कड्या ओतीव आहेत, एका जागी एकदम तापल्या की तडकतात.

किती झिजलीय ते असं बघा. चेन जमिनीवर सरळ पसरा, पहारीनं ताणा, दहा कड्यांची लांबी टेपनं घ्या, मग पुढच्या दहाची, असं पूर्ण चेनभर, दोन्ही चेनची. चेन "ताणली" असं आपण म्हणतो पण लोखंड ताणलेलं नसतं, पीन बारीक झालेली असते आणि भोक अंड्यासारखं झालेलं असतं. एक पीन काढून बोटं फिरवा, जिथं कडी बसते तिथं पायरी लागेल, नखाला अडकते. टोकाला जिथं कडी कधी घासलीच नाही तिथं मायक्रोमीटर लावला की मूळ माप मिळतं, तेच टर्नरला द्या. साध्या मऊ लोखंडाच्या (एमएस) सळईच्या पिना करू नका, चार दिवसांत वाकतील, वरून कडक आणि आतून चिवट लागतात, हीट ट्रीटमेंटवाल्याला तेच शब्द सांगा. ज्या कड्या जास्त गेल्यात त्या सगळ्या एका चेनमध्ये घालू नका, दोन्हीकडं सारख्या वाटा, नाहीतर गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढेल.

आणि ग्रीस लावायचं नाही. लूमवर तेलाची बाटली हातात धरून आयुष्य गेलं तुमचं, मला माहितीय, पण ही चेन कोरडीच चालते, ग्रीसला माती चिकटली की घासायची पेस्ट तयार होते.

पिना, स्प्रिंगा गंज काढायला ॲसिडमध्ये बुडवू नका, कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते काचेसारखं तुटतं. साध्या पत्र्याच्या वस्तूंना धुण्याचा सोडा पाण्यात टाकून बॅटरी चार्जरची पद्धत वापरा, वस्तूला निगेटिव्ह, समोर जुनी साधी लोखंडी पट्टी पॉझिटिव्हला. पट्टी स्टेनलेसची नको, पाणी विषारी होतं. आणि हे शेडबाहेर, उघड्यावर, जो वायू निघतो तो पेट घेतो.

प्रश्न : काका, मी त्यांची बहीण. शेडमध्ये माझी दोन मुलं सारखी असतात. दादा कोरडा पॉलिश पेपर मारतो, घरभर धूळ. काही धोका आहे का?

उत्तर : ताई, आहे, आणि बरं केलं विचारलंत, कारण हे कोण विचारतच नाही. तीन गोष्टी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ते मुलांच्या अंगात गेलं तर मेंदूवर परिणाम होतो, म्हणून घासायचं ते ओलं, पाणी मारून, खाली प्लास्टिक, आणि काम करतानाचे कपडे घरातल्या कपड्यांत धुवायचे नाहीत. दुसरं, ब्रेकचे लायनर आणि जुनं पॅकिंग ॲस्बेस्टॉसचं धरूनच चालायचं, कंप्रेसरची हवा मारून ब्रेक साफ करायची आपल्याकडं सगळ्या गॅरेजात सवय आहे ती इथं बंद, ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांधायचं. तिसरं, डॅशबोर्डवरच्या मीटरचे काटे. अंधारात दिसावेत म्हणून त्या काळात रेडियमचा रंग लावायचे. आता ते चमकत नसले तरी किरण तसेच आहेत, रेडियमला निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. काच बंद आहे तोवर भीती नाही, काच उघडून काटा खरवडायचा नाही, आणि मुलांना तो मीटर खेळायला तर अजिबात द्यायचा नाही. हे तुम्ही सांगितलं तर ऐकतील, माझं पत्र पण दाखवा.

प्रश्न : टाटानगर म्हणतात ती हीच का? कॉलेजात एक सर म्हणाले.

उत्तर : नाही. टाटानगर नावानं ओळखली जायची ती चार रबरी चाकांची चिलखती गाडी, दुसऱ्या महायुद्धात फोर्डच्या चासीवर भारतात बांधलेली. चेन नव्हती तिला.

प्रश्न : इंजिन सुटलं काका, सव्वादोन महिन्यांनी. आता पेट्रोल कुठलं घालू? टाकी गळते, वेल्डिंग करून घेऊ का?

उत्तर : वाचून शेडमध्ये जाऊन आलो, उगाच, माझी गाडी नसताना.

टाकीला वेल्डिंग नाही. चाळीस वर्षं कोरडी असली तरी गंजाच्या पापुद्र्यात वास धरून असतो आणि टाकी फुटते, आपल्या एमआयडीसीत असे अपघात होतात. नवी टाकी जुन्या मापाची करून घ्या, जुनी जपून ठेवा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल त्यातलं काही, पण या इंजिनाच्या काळात असं पेट्रोल नव्हतं. जुना रबर पाइप, पंपाचा पडदा, बुचाचं पॅकिंग त्यानं मऊ पडतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून टाकीत गंज धरतो. विटॉनचे, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे, पाइप घाला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामं करून ठेवा.

प्रश्न : २६ जानेवारीला कॉलनीच्या झेंडावंदनाला रस्त्यानं न्यायची इच्छा आहे. पासिंग होईल का?

उत्तर : २०२१ मध्ये केंद्रानं जुन्या गाड्यांचा नियम काढला, पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो, पण तो दुचाकी आणि चारचाकीसाठी आहे. चेनच्या गाडीला तो धरता येत नाही. शिवाय लोखंडी चेन डांबरावर गेली की उन्हात मऊ झालेला रस्ता उखडते. मला विचाराल तर रस्त्यावर नकोच. ट्रेलरवर ठेवून न्या, आरटीओ आणि पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा, अर्जाची पोच घ्या. मशीनगनच्या जागी लाकडाची खोटी नळी लावायचा उत्साह कुणी दाखवेल, नको. चालवायची ती मोहोळच्या रानात, तिथं ती तुमच्या आजोबांनी पण चालवलीय.

एकदा सगळ्यांनी मिळून करमाळामार्गे नगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, जाऊन या. तिथं फौजेचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ पासून. ओळखपत्र घेऊन जा. जॉबरभाऊंना नक्की न्या, त्यांना तिथं रणगाड्यांच्या चेनसमोर उकिडवं बसू द्या, घाई करू नका.

प्रश्न : आता रंगाचं. आजोबांनी निळा ऑईलपेंट दिला होता, त्याखाली हिरवा, त्याखाली अजून एक. बाजूला टी आणि तीन आकडे दिसले, पुढचे गेलेत. अजून एक. ड्रायव्हरच्या डाव्या हाताच्या पत्र्यावर आतून छिन्नीनं रेघा मारलेल्या आहेत, पाच-पाचचे गठ्ठे, मोजल्या तर ६४. वडील म्हणाले, ज्या ज्या रानात ही गाडी नेली त्याची आजोबा रेघ मारायचे. मुंबईचे एक जाणकार म्हणतात त्या भरून घासून घ्या, ओरिजनल मिलिटरी फिनिश पाहिजे. काय करू?

उत्तर : रंगाला आधी खिडकी करा. तळहाताएवढ्या जागेवर ओला बारीक पेपर घेऊन एकेक थर उतरवत जा, म्हणजे कडेला झाडाच्या वर्तुळासारखे सगळे थर दिसतात. सर्वांत खालचा खरा हिरवा सापडला की त्याला पाण्याचा थेंब लावून, ओल्यावर, दुकानदाराला रंग जुळवायला सांगा, कोरडा जुना रंग उन्हानं पांढरट पडलेला असतो. टी चा नंबर जिथं दिसला तो तुकडा घासूच नका, भोवती टेप लावून तसाच ठेवा आणि गेलेले आकडे अंदाजानं रंगवू नका. तीन खरे आकडे पुरे आहेत.

रेघा भरायच्या नाहीत. मुंबईच्या साहेबांचं ज्ञान मोठं असेल, मी त्यांच्याशी रंगाच्या नंबरावर वाद घालणार नाही, पण ही गाडी फौजेत जेमतेम दहा वर्षं असेल आणि तुमच्या घरात सत्तर. बाहेरून हिरवी करा हवी तर, आतला तो पत्रा निळाच ठेवा. त्यावर पुट्टी नाही, प्रायमर नाही, नुसतं मऊ ब्रशनं झाडून पातळ मेण लावा. आणि वडिलांना शेजारी बसवून त्या ६४ मधली जेवढी रानं त्यांना आठवतात तेवढी नावं त्या वहीत लिहून घ्या, या रविवारीच.